४० केबीतला मारिओ

संपादक महोदय,

१९८५ चा सुपर मारिओ जेमतेम ४० केबीत बसायचा, आणि परवा नातवाने एक गेम डाउनलोडला लावला तो रात्रभर उतरतच होता! मारिओत ढग आणि झुडूप एकच चित्र, फक्त रंग बदललेला, जागा वाचवायची ही युक्ती मला अजून भारी वाटते. नव्या गेमचे ग्राफिक्स झकास, नाही म्हणत नाही. पण तापकीर गल्लीतून (आपला इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा बाजार) मोटर, आयआर सेन्सर (पट्टी ओळखणारा इन्फ्रारेड डोळा) आणून काळ्या पट्टीवर चालणारा रोबो केला तेव्हा पोरगं जेवायला उठेना. वळणावर सारखा पट्टी सोडायचा, शेवटी कळलं कोडमध्ये डावं-उजवं उलटं पडलेलं (मीच टाकलेलं). शाळांनी महागडी तयार किटं घेण्याआधी मुलांना एकदा त्या गल्लीत न्यावं.

– एक आजोबा, सदाशिव पेठ, पुणे