अनुवादाची निविदा काढू नका, परीक्षक द्या

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस

विषय : मुक्त संगणक प्रणालींच्या मराठी अनुवादाला शासनाने करावयाच्या मदतीबाबत

महोदय,

संगणक मराठीत आणायची गोष्ट निघाली की दोन कल्पना हमखास पुढे येतात. एक, आपली स्वतंत्र मराठी ऑपरेटिंग सिस्टिम काढू. दुसरी, आहे त्या प्रणालीच्या अनुवादाचे कंत्राट देऊन टाकू. आपल्यासमोर यांपैकी कुठलाही प्रस्ताव आला तर कृपया सही करण्याआधी, असा अनुवाद स्वतः करणाऱ्या आम्हा स्वयंसेवकांचे हे पत्र वाचावे.

काम मुळात सुरूच आहे. लिनक्स या मुक्त, म्हणजे कोणीही वापरू आणि बदलू शकेल अशा प्रणालीवरचे ग्नोम आणि केडीई हे डेस्कटॉप, डेबियन या लिनक्सच्या एका तयार संचाचा इन्स्टॉलर, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स या सगळ्यांत मराठी आहे. कुठे भरपूर, कुठे विरळ, पण आहे. त्यातले बरेचसे काम नोकरी-शिक्षण सांभाळून, रात्री तासभर काढून लोकांनी केले आहे. काही काळ काही कंपन्यांच्या पगारी अनुवादकांचाही त्याला हातभार लागला, तेही नमूद करायला हवे.

पद्धत साधी आहे. मेनूतला शब्द, बटणावरची अक्षरे, काही बिघडल्यावर येणारा संदेश, असा पडद्यावर दिसणारा सगळा मजकूर प्रोग्रामातून वेगळा काढतात. अशा एकेका तुकड्याला आम्ही स्ट्रिंग म्हणतो. गेटटेक्स्ट नावाचे साधन या स्ट्रिंगांची पीओ फाइल बनवते : वर इंग्रजी ओळ, खाली मराठीसाठी मोकळी जागा. ही फाइल उतरवून घेऊन किंवा थेट वेबलेटसारख्या अनुवादाच्या संकेतस्थळावर कोणीही भरू शकतो. दुसरा कोणी ती तपासतो आणि मग मजकूर मूळ प्रकल्पात जातो. एकदा तिथे पोचला की पुढे डेबियन, उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या सगळ्या तयार संचांत, म्हणजे वितरणांत, तो आपसूक उतरतो. केंद्र सरकारच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेची बॉस प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. वेगळ्या मराठी प्रणालीला आमचा विरोध आहे तो यामुळेच. आपल्या प्रतीत केलेला अनुवाद मूळ प्रकल्पात गेला नाही, तर पुढच्या आवृत्तीला तो पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

आता कंत्राटाकडे वळतो. फाइल्स हाताळण्याच्या प्रोग्रामात एक स्ट्रिंग असते : आधी टक्क्याचे चिन्ह आणि एस, पुढे 'काढून टाकले' अशा अर्थाचे इंग्रजी क्रियापद. त्या चिन्हाच्या जागी काय येणार, ते प्रोग्राम चालताना ठरते. फोल्डर आला तर काढून टाकला, फाइल आली तर टाकली, चित्र आले तर टाकले. इंग्रजीला लिंगाची फिकीर नाही, त्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्याने तिन्हींसाठी एकच ओळ ठेवलेली असते. अनुवादकाला नुसती ती ओळ दिसते. मग तो मूळ कोड उघडतो, ही ओळ कुठून कुठून वापरली आहे ते पाहतो आणि लेखकाला विनंती करतो की बाबा, याच्या तीन वेगळ्या ओळी कर. लेखक दुसऱ्या खंडात असतो. कधी दोन दिवसांत बदल होतो, कधी विनंती महिनोन्महिने पडून राहते. तोवर आम्ही वाक्यच फिरवतो आणि लिंग आड येणार नाही असे काहीतरी बसवतो. शब्दामागे दर ठरवून काम घेणाऱ्या कंत्राटदाराने हे कशासाठी करावे? तो 'काढून टाकले' लिहून पुढे जाईल, आणि त्याच्या हिशेबात ते बरोबरही असेल.

याहून मोठी अडचण म्हणजे हे काम संपत नाही. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, साधारण मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. त्याआधी काही आठवडे मजकूर गोठवतात, म्हणजे मूळ इंग्रजी ओळी बदलणे थांबवतात, आणि अनुवादकांना उसंत मिळते ती तेवढीच. मूळ इंग्रजी ओळीत एखादा शब्द बदलला तरी तिचा जुना अनुवाद 'फझी' ठरतो, म्हणजे कोणीतरी पुन्हा पाहीपर्यंत वापरला जात नाही आणि वापरणाऱ्याला तिथे इंग्रजी दिसते. आज शंभर टक्के असलेले भाषांतर कोणी हात लावला नाही तर दोन-तीन आवृत्त्यांत चाळणी होते. एखाद्या भाषेला पूर्ण आधार आहे असे म्हणायला ग्नोम ८० टक्के स्ट्रिंगांची अट घालते. अनुवादाची ही आकडेवारी ज्या पानावर दिसते त्याचे नाव त्यांनी 'डॅम्ड लाइज' ठेवले आहे. आकड्यांवर किती विसंबायचे हे त्यांनीच सांगून टाकले म्हणायचे. निविदेत मात्र काम पूर्ण झाल्याची तारीख असते, त्या दिवशी देयक निघते आणि विषय मिटतो.

यंत्रानुवादाचेही बोलायला हवे, कारण सादरीकरणात तो नक्की येईल. कच्चा मसुदा आता क्षणात मिळतो, हे खरे. पण अडथळा मसुद्याचा नव्हताच. अडथळा तपासणाऱ्यांचा आहे. मराठीच्या संघांत मंजुरीचा अधिकार मोजक्या लोकांकडे असतो. त्यातला एक जण आजारी पडला, बाळंतपणाच्या रजेवर गेला किंवा नुसता कंटाळला, की रांग तुंबते. यंत्राने त्या रांगेत आणखी हजार ओळी ओतल्या तर त्या तपासायच्या कोणी?

म्हणून मागणी परीक्षकांची आहे. मराठी उत्तम जाणणारे आणि पीओ फाइल शिकायची तयारी असलेले चार-पाच जण, अर्धवेळ चालतील, पण कायमचे. त्यांनी शासनाच्या नावाने वेगळे काही थाटू नये, आहेत त्या संघांत इतरांसारखेच सामील व्हावे आणि तिथल्या नियमांनी काम करावे. त्यांच्या जोडीने स्वयंसेवक काम करतीलच. फुकट काम करणारे पगारी माणूस आला की निघून जातात अशी एक भीती घातली जाते. आमचे तसे नाही, तपासायला कोणी नसले की आम्ही निघून जातो.

दुसरी मागणी बिनखर्चाची आहे. भाषा संचालनालयाने पिढ्यान्‌पिढ्या परिभाषा कोश केले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी प्रकाशनावर ६० वर्षे हक्क असतो, त्यामुळे स्पष्ट खुला परवाना नसेल तर त्यातली यादी उचलून मुक्त प्रकल्पाच्या शब्दसंग्रहात घालायला आम्ही कचरतो. हे प्रकल्प परवान्याच्या बाबतीत फार काटेकोर असतात, आणि असावेतच. क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा एखादा परवाना एका शासन निर्णयाने लावता येईल.

तिसरे, मंत्रालयातल्या काही संगणकांवर ही मराठी खरोखर लावून बघा. चुका पीओ फाइलमध्ये दिसत नाहीत, त्या रोज आठ तास काम करणाऱ्या लिपिकाला दिसतात : कापलेले बटण, मोडलेले जोडाक्षर, कोणालाच न कळणारा संदेश. केरळच्या सरकारी शाळांत मुक्त प्रणाली वर्षानुवर्षे वापरात आहे, आणि मल्याळमसाठी झटणाऱ्या स्वयंसेवकांचा तिथला संघही जुना आहे. आपल्याकडे अनुवाद करणारे आहेत, पण रोज वापरून तक्रार करणारे फारच थोडे.

ज्या अधिकाऱ्याकडे हा विषय सोपवाल त्याला आम्ही अर्ध्या दिवसात हे सगळे करून दाखवू, मानधन नको. येताना त्याने एखादा परिभाषा कोश सोबत आणावा, आणि तो स्प्रेडशीटमध्ये असावा. स्कॅन केलेली पाने नकोत.

आपले,
मराठी अनुवाद करणारे काही स्वयंसेवक