दोन वर्षांची अट

देवगड, १२ एप्रिल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू अमेरिकेचं सगळं भराभर सांगितलंस, मी नुसतं हो हो केलं. रात्री कॅलेंडरच्या मागे मांडून बघितलं. इथे एम.डी.नंतर मेंदूच्या डॉक्टरकीची, डी.एम. न्यूरॉलॉजीची ३ वर्षं. ती करून तिकडे गेलीस तरी बहुधा रेसिडेन्सी, म्हणजे इस्पितळात राबून शिकणं, पुन्हा पहिल्यापासून, ४ वर्षं. म्हणजे मोहोर धरलेलं कलम उपटून दुसऱ्याच्या बागेत लावायचं. जायचंच तर एम.डी. झाल्या झाल्या जा. तिकडच्या डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेत स्टेप वनला २०२२ पासून मार्क नाहीत, नुसतं पास-नापास; तेव्हा जोर स्टेप टूवर लाव. इंग्लंडची एमआरसीपी परीक्षा तुला जास्त मानवेल असं मला वाटतं, तिथे शेवटी पेशंट तपासून दाखवावा लागतो. पण ते तू बघ.

तिकडे शिकायला जाणाऱ्या डॉक्टरांच्या जे-१ व्हिसाची अट तू कटकट म्हणून सांगितलीस: शिकून झालं की २ वर्षं मायदेशी, नाहीतर तिथल्या डॉक्टर कमी असलेल्या भागात ३ वर्षं नोकरी. मला हसूच आलं. असला भाग शोधायला इतक्या लांब कशाला जायचं गं?

गेल्या मे महिन्यातलं तुला सगळं सांगितलं नव्हतं, परीक्षा होती. सकाळी ८ वाजता अण्णाकाकांच्या हातून चहाची बशी सुटली. तोंड जरा वाकडं. 'माका काय झाला नाय' म्हणून आडवे झाले. वारं गेलं म्हणत आत्या तेल चोळत बसली, मीही बसलो. गाडी निघाली १२ ला, फोंडा घाट चढून कोल्हापूर ४ ला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न वेळेचाच विचारला. स्ट्रोक म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी; ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं म्हणे. आमचे साडेचार तास शिरगावच्या आसपासच संपले होते.

तिकडे न्यूरॉलॉजिस्ट स्क्रीनवरून लांबच्या इस्पितळातला पेशंट बघतात, इंजेक्शन द्यायचं की नाही ते सांगतात, असं तूच म्हणाली होतीस. रेसिडेन्सीनंतर स्ट्रोकची फेलोशिप, म्हणजे त्या एकाच विषयाचं पुढचं शिक्षण, घे आणि तेवढं नीट शिकून घे. मग ती २ वर्षं इथे काढ. पुढे कुठेही जा, मी अडवणार नाही.

परीक्षेच्या फीचे पैसे बाजूला ठेवलेत. सोबत २ डझनांची पेटी पाठवतोय. काकांनी डाव्या हाताने भरली आहे, कुणाला हात लावू दिला नाही. एका कोपऱ्यात पेंढा सैल आहे, उघडताना जपून.

तुझा,
बाबा