ग्रीकांचा ‘ने’ म्हणजे होकार

महोदय,
युरोपच्या सहलीला निघालेल्यांनी ‘ने’ या एवढ्याशा शब्दापासून जपून राहावं. बल्गेरिया, सर्बिया, चेकिया या स्लाव्ह भाषा बोलणाऱ्या देशांत ‘ने’ म्हणजे नाही. संस्कृतातल्या ‘न’चा, आपल्या ‘नाही’चा तो भाऊबंदच. पण सीमा ओलांडून ग्रीसमध्ये शिरलं, की ‘ने’ म्हणजे चक्क हो! प्राचीन ग्रीकमधला ‘नाइ’ उच्चार बदलत बदलत ‘ने’ झाला, स्लाव्ह ‘ने’शी त्याचा अर्थ जुळायचं कारणच नाही. नकाराला ग्रीक ‘ओही’ म्हणतात. १९४० साली मुसोलिनीची मागणी धुडकावली, म्हणून २८ ऑक्टोबरला तिथे ‘ओही दिन’ साजरा होतो. त्यात बल्गेरियन माणूस होकारार्थी मान आडवी हलवतो (आपल्याला त्याचं काय नवल म्हणा!). बोलीभाषेतला चेक ‘नो’सुद्धा होकारच, ‘आनो’चं आखूड रूप.

– एक वाचक, पुणे