दावा शिपायांचा, सोडला दिल्लीने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपशिंगे मिलिटरीसारखी गावं असलेल्या आपल्या सातारा जिल्ह्यात माजी सैनिकांचे सत्कार पुष्कळ होतात. युद्धकैद्यांचा विषय मात्र कुणी काढत नाही.

माझे वडील फौजेत ड्रायव्हर होते. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं आणि ते जपान्यांच्या हाती सापडले. पुढे जहाजात कोंबून त्यांना न्यू ब्रिटन बेटावर, राबौलला हमालीला नेलं. तिथे भुकेपोटी एक रताळं उपटलं म्हणून पहारेकऱ्याने बंदुकीच्या दस्त्याने त्यांचा डावा हात ठेचला. त्यातली दोन बोटं नंतर कधी मिटलीच नाहीत. बैलाच्या दाव्याची गाठ ते दातांनी ओढायचे. आषाढीलासुद्धा आमच्या घरात रताळी शिजली नाहीत.

ब्रिटनने नोव्हेंबर 2000 मध्ये जपान्यांच्या कैदेतून वाचलेल्या आपल्या माणसांना, ते हयात नसतील तर त्यांच्या विधवांना, प्रत्येकी 10,000 पौंड जाहीर केले. त्यात ब्रिटिश इंडियन आर्मीचे शिपाई धरले नाहीत. नेपाळी गुरखे कोर्टात गेले आणि 2002 मध्ये लंडनच्या हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्यातर्फे कोण जाणार होतं?

पण गोऱ्यांशी भांडून आता काय मिळणार! माझा प्रश्न दिल्लीला आहे. 9 जून 1952 ला भारताने जपानशी वेगळा तह केला आणि युद्धाच्या भरपाईवर पाणी सोडलं. सरकारचे दावे सोडलेच, नागरिकांचेही सोडले. मैत्री हवी होती, ठीक आहे. पण मार खाल्लेल्यांना विचारलं कुणी? ज्याने परस्पर दावा सोडला, त्यानेच आता पैसे मोजावेत.

आझाद हिंद फौजेत गेलेल्यांना स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन मिळाली, ते योग्यच झालं. जे गेले नाहीत आणि कैदेतच राहिले, ते दोन्हीकडून उपरे ठरले. महायुद्धातल्या सैनिकाची विधवा म्हणून आईला राज्य सरकारचं मानधन मिळतं, पण त्याचा कैदेशी काही संबंध नाही.

मुलानातवंडांना काही नको. हयात असलेले कैदी आणि त्यांच्या विधवा, एवढ्यांनाच केंद्राने एकरकमी भरपाई द्यावी. आमच्याकडचं डिस्चार्ज बुक वाळवीने खाल्लंय, तरी वडिलांचा नंबर नीट वाचता येतो. आई नव्वदी ओलांडून पुढे गेली आहे, तेव्हा यासाठी समिती मात्र नेमू नये.

– एक निवृत्त एसटी चालक, कोरेगाव, जि. सातारा