सोन्या, त्या राजीनाम्याबद्दल

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन आपटलास तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. राजीनाम्याचं तिला आधी कळायला हवं होतं, असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं तुला ठाऊक आहे. पैसे किती महिने पुरतील?

हे पुन्हा विचारायचं नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो. असो.

डी अँड डी, म्हणजे तुमचा तो नियमपुस्तक घेऊन फाशांवर खेळायचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तू म्हणालास, "बाबा, डी अँड डीचा एकही नियम न मोडता कॉम्प्युटर गेम करणार, आजवर कुणी नीट केलंच नाही." कर्जखात्यात जन्म गेलेल्या माणसाला असं काही ऐकलं की आधी बुडीत खाती आठवतात. म्हणून शोधत बसलो. केलंय रे. कॅलिफोर्नियातल्या ट्रॉयका नावाच्या कंपनीने २००३ मध्ये 'द टेम्पल ऑफ एलिमेंटल ईव्हिल' काढला, नियमांच्या तेव्हाच्या ३.५ आवृत्तीला अगदी चिकटून. त्यातल्या लढाईचं जाणकार आजही कौतुक करतात. पण गेम बाहेर पडला तो बग्जसकट, म्हणजे चुकांसकट, आणि पुढे वर्षानुवर्षं खेळणारेच त्याला दुरुस्तीचे पॅच लावत बसले. त्यांचा पुढचा गेम नेमका 'हाफ-लाइफ २' या बड्या गेमच्याच दिवशी बाजारात आला. २००५ मध्ये कंपनी बंद. नियम पाळले म्हणून बुडाले असं मला वाटत नाही. हातातलं काम पुरं करायला सवड मिळाली नाही, आणि सवड विकत घ्यावी लागते.

उलट बेल्जियमच्या लॅरियन कंपनीने 'बाल्डर्स गेट ३' या डी अँड डीवरच्याच गेममध्ये नियमपुस्तकाला बिनधास्त मुरड घातली. धक्का देणं, औषधाची बाटली पिणं, सगळं बोनस अॅक्शनवर, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या चालीत. आणि वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले की कुलूप उघडलंच पाहिजे! हे वाचून मी एकटाच हसलो. आपल्या हॉलमध्ये तुमची टोळी आईच्या साबुदाणावड्यांवर तुटून पडलेली, तो कोल्हापूरकर वीस पडले म्हणून नाचतोय, आणि तू पुस्तक उघडून सांगतोयस, "विसाची सवलत हल्ल्याला. कुलपाला नाही." मध्यरात्र उलटली तरी वाद चालूच. शेवटी तो रुसून निघाला, तोही आत्याच्या चपला घालून. मी आतल्या खोलीत पडल्या पडल्या ऐकत होतो. आमच्या ऑडिटला असा एक जरी पोरगा मिळाला असता!

पण बघ, २०२३ मध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम ठरला तो कोल्हापूरकराच्या नियमाचा गेम. त्याआधी जवळजवळ तीन वर्षं तो अर्धवट अवस्थेत लोकांच्या हाती दिलेला होता. लोक पैसे मोजून खेळत होते, चुका दाखवत होते. एवढी वर्षं तुम्हा चौघांचे पगार कोण देणार? आलो ना पुन्हा तिथेच.

हट्ट सोड असं मी म्हणत नाही. पॅरिसच्या एका छोट्या चमूने २०२१ मध्ये 'सोलास्टा' केला, पाचव्या आवृत्तीचं बोट धरूनच. तो चालला, आता ते दुसऱ्या भागापर्यंत पोचलेत. त्या नियमांचा गाभा २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुला आहे, हे तुला माझ्याआधी माहीत असणार. तरी कोणती नावं, कोणते राक्षस त्यात येत नाहीत, हे वकिलाकडून लेखी घे. तोंडी भरवशावर काकांच्या छापखान्याचं काय झालं ते तू... जाऊ दे. भाषण झालं. रागावू नकोस.

आईच्या नावाची ठेव मोडायची नाही. माझी मोडता येईल. पण आधी कागदावर सगळा खर्च मांडून पाठव: भाडं, डबा, पगार, आणि गेम तयार झाल्यावर नुसत्या तपासणीसाठी राखलेले महिने. तो शेवटचा रकाना रिकामा असेल तर मी सही करणार नाही.

ताई सांगत होती, तू हल्ली रात्रीचा जेवत नाहीस. खरं का? पैसे वाचवायला तर नाही ना?

तुझा,
बाबा