'मराठा'चे जुने अंक रद्दीत देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

परवा माळा साफ करताना आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली, तळाशी धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलेले आचार्य अत्र्यांच्या दैनिक 'मराठा'चे आठ-दहा अंक. एक उघडायला गेले तर घडीवरच कागद तुटला, मारी बिस्किटासारखा, आणि हातात अर्धाच अग्रलेख राहिला. खरं सांगते, पोटात गलबललं.

आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, शिक्षण दुसरीपर्यंत. आई सांगते, सकाळी चाळीच्या गॅलरीत एकजण अत्र्यांचा अग्रलेख मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे दात घासत, चहा पीत ऐकायचे, रात्रपाळी करून आलेलेही झोपायच्या आधी तिथेच टेकायचे. म्हणजे वाचता न येणाऱ्यांचाही तो पेपर होता.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठी आणि गुजराती भाग एकत्र असलेलं द्वैभाषिक मुंबई राज्य आपल्या माथी मारलं आणि पंधरा दिवसांत, १५ नोव्हेंबरला 'मराठा' सुरू झाला. अत्र्यांचं 'नवयुग' साप्ताहिक होतंच, पण संयुक्त महाराष्ट्राची चळवळ रोज पेटलेली, तिला आठवडाभर थांबून कसं चालेल? राज्याचं नाव 'मुंबई' नाही, 'महाराष्ट्र'च पाहिजे म्हणून आमदार अत्रे विधानसभेतही भांडले. १ मे १९६० ला राज्य झालं तरी पेपर चालू राहिला, १३ जून १९६९ ला अत्रे गेले, मग त्यांची मुलगी शिरीष पै यांनी सांभाळला, पण शेवटी बंद पडलाच.

आता अत्रे म्हटलं की लोकांना विनोद आणि 'गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही' हे त्यांचं पालुपद एवढंच आठवतं, ह्याचं फार वाईट वाटतं. माझ्या मुलीने नेटवर 'मराठा' शोधलं तर तिला टिळकांच्या काळातलं, १८८१ मध्ये पुण्यात निघालेलं इंग्रजी पत्र सापडलं, ते वेगळं हो!

माझी कळकळीची विनंती आहे, तुमच्या पेपरमधून एक आवाहन करा, ज्यांच्या घरी असे गठ्ठे असतील त्यांनी ते रद्दीवाल्याला देऊ नयेत, जवळच्या ग्रंथालयात निदान स्कॅन तरी करून घ्यावेत, कारण त्या काळी चाळीत काय वाचलं जायचं ते दुसरीकडे कुठे एवढं रोजच्या रोज मिळणार? माझे अंक मी कोऱ्या कागदात सपाट ठेवलेत, कोणाला लागले तर स्वतः आणून देईन, फक्त उचलताना दोघांनी धरावे लागतील.

- एक वाचक, लालबाग