सगळे कळते म्हणणाऱ्या मुलीस

सांगली, जुलैअखेर

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. पुरेशी माहिती हाती असली तर पुढच्या महिन्यात कृष्णेला किती पाणी येईल हेही आज सांगता येईल, हे तुझे वाक्य मी तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, "मला आत्ताच माहीत आहे," आणि गाद्या माळ्यावर टाकू लागली. 2005 च्या पुरापासून ती दर जुलैत हेच करते. 2019 आणि 2021 साली तिचे भाकीत खरे ठरले. उरलेल्या वर्षांचा हिशेब विचारण्याची आपल्या घरात पद्धत नाही.

2019 साली आयर्विन पुलापाशी 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी 57 फुटांच्या वर गेले, तेव्हा मी जिन्यावर खडूने रेघा मारत होतो आणि समोरचे काका, "आता याच्या वर येत नाही," असे छातीठोकपणे सांगत होते. तिसऱ्या पायरीला त्यांनी हे सांगितले, पाचवीला सांगितले आणि सातवीनंतर होडीत बसतानाही सांगितले. शेवटी पाणी उतरलेच, आणि तेव्हापासून ते स्वतःला पुराचे जाणकार समजतात.

तुझे म्हणणे असे की काकांकडे माहिती कमी होती. पण एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञांकडे 1961 साली संगणक होता आणि हवामानाची समीकरणेही त्यांचीच होती. जुने गणित मधूनच पुन्हा चालवायचे म्हणून त्यांनी छापील कागदावरचा 0.506 हा आकडा यंत्रात भरला आणि ते कॉफी प्यायला गेले. यंत्राच्या पोटात मूळ आकडा 0.506127 होता. तासाभराने येऊन पाहतात तो दोन महिन्यांचे हवामान भलतीकडेच गेलेले! पोत्यामागे छटाकभर हळद इकडेतिकडे झाली तर आम्ही अडते डोळ्यांआड करतो, पण आभाळ तेवढेही सोडत नाही. त्यामुळे रोजच्या हवामानाचा अंदाज सुमारे दोन आठवड्यांपलीकडे फारसा टिकत नाही, म्हणजे तुझा पुढचा महिना बाहेरच राहिला.

आभाळाचे सोड, निदान गणितात तरी सगळे कळेल, असे तू म्हणशील. थोर जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट हेच म्हणाले होते. "आपल्याला जाणलेच पाहिजे, आपण जाणूच," असे त्यांनी 8 सप्टेंबर 1930 रोजी क्योनिग्सबर्ग येथे ठणकावून सांगितले. गंमत अशी की आदल्याच दिवशी, त्याच गावात, कुर्ट ग्योडेल नावाच्या चोविशीतल्या मुलाने एका चर्चेत हळूच सांगून टाकले होते की अंकगणितात काही विधाने खरी असूनही त्याच्याच नियमांनी सिद्ध होत नाहीत. पुढच्या वर्षी त्याने ते छापले, आणि आपल्यात विसंगती नाही हेही असे गणित स्वतःपुरत्या नियमांनी सिद्ध करू शकत नाही, अशी पुस्ती जोडली. हे मला तुझ्या पुस्तकापेक्षा अडतीतल्या काट्यावरून लवकर समजले. आपला काटा बरोबर आहे हे त्याच काट्यावर तोलून दाखवता येत नाही. वैधमापनवाले त्यांची वजने घेऊन येतात, शिक्का मारतात आणि जातात. त्यांची वजने कोण तपासतो हे मी एकदा विचारले होते. त्या वर्षी शिक्का चार दिवस उशिरा मिळाला.

गणपतीला येणार आहेस की नाही, ते निश्चित कळव. आईला ते आधीच माहीत आहे, पण मला सांगत नाही.

तुझा,
बाबा